आर्डिस हालग्रेनच्या खिडकीतला तांबडा दिवा

हेडविग गावात बर्फ पडू लागले की निम्मी म्हातारी माणसे अ‍ॅरिझोनाच्या उन्हाकडे निघून जातात आणि त्यांची घरे आर्डिस हालग्रेनच्या ताब्यात येतात. ताबा केवळ किल्ल्यांचा. तिच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी तिच्या नवऱ्याने, आर्विडने, एका फळीवर ओळीने आकडे ठोकून ठेवले होते. नोव्हेंबरात ते एकेक करून भरत आणि एप्रिलात रिकामे होत. प्रत्येक बंद घराच्या रस्त्याकडील खिडकीत एक दिवा ठेवलेला असे. घर इतके गार झाले की नळांतले पाणी गोठायला फार अवकाश उरला नाही, तर आतली कळ आपोआप फिरे आणि दिवा तांबडा पेटे. तळघरातली भट्टी बंद पडली, एवढाच त्याचा अर्थ. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला डिसेंबरात भट्टीविना राहिलेले घर दोन दिवसांत फुटक्या नळांचे तळे होऊन बसते. म्हणून आर्डिस रोज दुपारी, अंधार पडता पडता, गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून फेरीला निघे. तांबडा दिवा दिसला की आकड्यावरची किल्ली काढून आत शिरे, आणि गावातल्या भट्ट्या दुरुस्त करणाऱ्या वेंडेल ओस्टबीला फोन करी.

या कामाचे ती कोणाकडून काही घेत नसे. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचे सारे आयुष्य गेले होते. गावातल्या पन्नाशीच्या आतबाहेरच्या बहुतेक माणसांच्या ताटात तिने उकडलेले बटाटे वाढले होते, आणि ज्याने ते टाकले त्याच्याकडे एकदा रोखून पाहिले होते. त्या नजरेची जरब अजून टिकून होती. गावाला तिचा आधार वाटे आणि थोडा धाकही. तिला दोन्ही आवडे, मात्र हे तिने कधी कबूल केले नसते.

तिच्या स्वतःच्या खिडकीत दिवा नव्हता. तिच्या घराची दुसरी किल्लीही कोणाकडे नव्हती. ती कुठे जातच नसे, मग दिवा कशाला, असे ती म्हणे. आणि राखणदाराची राखण करायची वेळ आली तर तो राखणदार कसला, असे ती म्हणत नसली तरी तिच्या मनात पक्के होते.

हे सारे सांगायचे कारण तिची भट्टी. ते सव्वीस वर्षांचे धूड आर्विडने स्वतः उभे राहून बसवून घेतले होते. गॅसच्या जाळावर हवा तापवावी, पंख्याने ती पत्र्याच्या नळांतून वर ढकलावी आणि झरोक्यांवाटे घरभर सोडावी, एवढे साधे त्याचे काम. आर्विड गेल्यानंतर भट्टी अधूनमधून कुरकुरू लागली आणि आर्डिस तिची डागडुजी करवू लागली. कधी गॅस पेटवणारी कांडी जळून जाई, तिचे दोनअडीचशे डॉलर लागत. कधी ज्योत ओळखणारी तार मळून जाई, ती पुसण्याचे वेंडेल येण्याजाण्यापुरतेच घेई. एकदा विजेचा बोर्ड गेला, त्याचे सहाशे झाले. प्रत्येक वेळी आर्डिस दुरुस्तीचा आकडा नव्या भट्टीच्या आकड्याशेजारी ठेवून पाही आणि दुरुस्तीचा आकडा दर वेळी लहानच निघे. तिचा हिशेब चुकत नव्हता. चूक एवढीच की ती प्रत्येक दुरुस्तीला पहिलीच दुरुस्ती समजत होती.

पैसे नव्हते म्हणावे, तर तसेही नाही. बँकेत पुरेसे होते. काटकसर गरजेपोटी असते तेव्हा माणसाला तिची लाज वाटते. गरज सरल्यावरही ती टिकते तेव्हा तिचा अभिमान वाटू लागतो, आणि अभिमानाला हिशेब दाखवून काही उपयोग नसतो. आर्डिसच्या घराण्यात तीन पिढ्या कोणी दुरुस्त होण्याजोगी वस्तू टाकली नव्हती. काढून टाकलेले सुटे भागही तिने टाकले नव्हते. तळघरात भट्टीच्या शेजारीच एक फळी होती. तीवर जळक्या कांड्या, काळवंडलेला बोर्ड, एक झडप, दोन पट्टे आणि ज्याचे नाव वेंडेललाच ठाऊक असे बरेच काही स्वच्छ पुसून ओळीने मांडलेले होते. लागेल कधीतरी.

त्या डिसेंबरात मात्र गोष्ट वेगळी होती. मागल्या वसंतात भट्टी बंद पडली होती तेव्हा तिची मुलगी कार्लीन मिनियापोलिसहून आली होती आणि जाताना सांगून गेली होती की पुन्हा असे झाले तर आपण फ्लॅटचे बोलू. फ्लॅट म्हणजे चर्चशेजारची ती नवी तीन मजली इमारत. तिथे वृद्धांना एकेक खोली, एक घंटी आणि दर गुरुवारी जिगसॉ कोडी मिळतात. तिथे किल्ल्यांचे आकडे ठोकायला भिंत नाही. तिथे राहणाऱ्याला फेरीवर कोणी पाठवत नाही. तेव्हा भट्टी चालत राहणे म्हणजे आर्डिसचे या घरात, या गावात, या कामात राहणे होते. भट्टी बंद पडली हे कार्लीनला कळणे म्हणजे सारेच संपणे.

डिसेंबर लागताच भट्टीचा पंखा कण्हू लागला. वेंडेल आला, बूट काढून तळघरात उतरला, बऱ्याच वेळाने हात पुसत वर आला आणि स्वयंपाकघरात बसला. शाळेत तिच्या रांगेत उभा राहिलेला हा मुलगा आता पन्नाशीला आला होता, तरी तिला मिसेस हालग्रेनच म्हणे.

"पंख्याची मोटर गेलीच आहे, मिसेस हालग्रेन. बदलायची तर बाराशे डॉलर. मी बदलून देईन. पण माझ्या आईचं घर असतं तर बदलली नसती."

"का? नवी मोटर घातली की चालेल ना?"

"चालेल. किती दिवस, ते मला विचारू नका."

मग त्याने आपल्या धंद्यातला जुना आडाखा सांगितला. भट्टीच्या वयाला दुरुस्तीच्या खर्चाने गुणायचे. गुणाकार नव्या भट्टीच्या किमतीच्या वर गेला की दुरुस्ती थांबवायची. नवी भट्टी सगळे धरून साडेपाच हजारांना पडत होती. आर्डिसने मनातल्या मनात सव्वीस गुणिले बाराशे केले आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"हा कसला आडाखा, वेंडेल? गेल्या वर्षी माझा गुडघा बदलला. माझं वय आणि त्या गुडघ्याचा खर्च यांचा गुणाकार करून बघ. तुझ्या नियमानं डॉक्टरनं मला सरळ भंगारातच द्यायला हवं होतं."

"माणसं म्हणजे भट्ट्या नव्हेत, मिसेस हालग्रेन."

"ते माझ्या मुलीला सांग."

वेंडेल हसला आणि त्याने दुसऱ्या बाजूने मांडून पाहिले. नियम सोडून द्या, म्हणाला. जुनी भट्टी जो गॅस जाळते त्यातला पाचवा हिस्सा धुराड्यातून आकाशात जातो. तुम्ही पाच पाव भाजले आणि त्यातला एक दर वेळी खिडकीबाहेर फेकला, तर तुम्हाला चालेल का? हा दाखला नेमका होता आणि त्यामुळेच तिला तो आवडला नाही. ती म्हणाली, विचार करते. हेडविगमध्ये कोणी विचार करते म्हणाले की त्या विषयाला दारापर्यंत पोचवून आल्यासारखेच असते. वेंडेल निघाला. दारात बूट चढवताना एवढेच म्हणाला, की फार दिवस विचार करू नका, कारण मोटरला विचार करता येत नाही.

मोटरने पुढचा आठवडा मर्जीप्रमाणे काढला. मध्येच थांबे, गार झाली की फिरू लागे, पुन्हा थांबे. आर्डिस तळघरात उतरून लाटण्याने तिच्या पाठीवर दोन हलके टोले देई; शाळेतल्या जुन्या मिक्सरला हाच उपचार लागू पडत असे. पण बाहेरची थंडी वाढत होती, आणि लाटण्याला मर्यादा असतात. बैठकीची खोली गारठू लागली. तेव्हा तिने दुसरा उपाय काढला. तिचा ओव्हन विजेवरचा होता आणि नाताळ जवळ आला होता. नाताळापूर्वी, तेरा डिसेंबरच्या संत ल्यूसियाच्या दिवसासाठी, हेडविगच्या स्वीडिश घरांत केशर घातलेले पाव भाजतात. वळणावळणाचे, वर दोन मनुका डोळ्यांसारख्या लावलेले. पाव भाजताना स्वयंपाकघर ऊबदार होते. दोन घाणे काढले तर ती ऊब दुपारपर्यंत टिकते. चार काढले तर खाटही स्वयंपाकघरात आणून निजता येते.

आर्डिस चार घाणे काढू लागली.

पाव भाजण्यात काही अवघड नव्हते; अवघड होते त्यांचे करायचे काय, हे. टाकणे शक्यच नव्हते. एकट्या बाईने खायचे म्हटले तर किती खाणार? मग ती ताटल्यांत पाव मांडून, वर पुसणे झाकून, फेरीवर निघताना वाटेवरच्या घरांत देऊ लागली. पहिल्या ताटलीला लोक हरखले. दुसऱ्या वेळी म्हणाले, यंदा तुमचा हात फारच मोकळा आहे. तिसऱ्या वेळी चर्चमध्ये पाद्रीबुवांनी औदार्यावर प्रवचन केले आणि नाव न घेता पावांचा उल्लेख केला. सारी सभा तिच्याकडे वळून पाहत होती आणि आर्डिस हातातल्या भजनांच्या पुस्तकात खाली मान घालून लाल झाली होती. लोकांनी त्याला विनय म्हटले. खरे तर ती लाज होती. फुकटचा मोठेपणा खिशात पडला की तो परत कोणाला करायचा, हे तिला शाळेत कधी कोणी शिकवले नव्हते.

त्यात ताटल्यांची भर पडली. घरी आलेली ताटली रिकामी परत पाठवायची नसते. या बाबतीत हेडविगचे स्वीडिश आणि जगातल्या साऱ्या शहाण्या जमाती एकमताच्या आहेत. त्यामुळे तिची प्रत्येक ताटली काही ना काही घेऊन परत येऊ लागली. कोणी लिंगनबेरीचा मुरंबा, कोणी आल्याच्या कुरकुरीत बिस्किटांचा ढीग, कोणी बटाट्याचे पातळ पोळे, एकाने तर खारवलेल्या माशांची बरणी. आणि ज्या ताटल्या दुसऱ्यांच्या होत्या त्या तिने परत करायच्या, त्याही रिकाम्या नव्हेत. गावात ल्यूसियाच्या दिवसापर्यंत ताटल्यांची अशी काही ये-जा सुरू झाली, की कोणाची कोणती हे कळेना. आर्डिसच्या ओट्यावर जागा उरली नाही. सुदैवाने बैठकीची खोली फ्रिजइतकीच गार असल्यामुळे साठवणीची अडचण आली नाही.

व्हायोला एकब्लाड तिच्या पलीकडच्या घरात राहते. दोघी शाळेत एका बाकावर बसलेल्या. व्हायोलाही एरवी अ‍ॅरिझोनाला जाई, पण गेल्या हिवाळ्यात तिथल्या पत्त्यांच्या मेजावर एका नॉर्वेजियन माणसाने आपल्याला फसवले, अशी तिची ठाम समजूत होती. त्या माणसाचे तोंड पाहण्यापेक्षा बर्फ परवडले म्हणून ती यंदा गावातच राहिली होती. जीभ तिखट, पण कामाचे बोलायची वेळ आली की ती गप्प बसे. हेडविगची हीच रीत आहे.

तर व्हायोला ताटली परत करायला आली. ताटलीवर वेलदोड्याच्या वड्या होत्या. आर्डिसने कॉफी विचारली. नको नको, लगेच जायचंय, असे व्हायोला म्हणाली. आर्डिसने पुन्हा विचारले. कशाला उगाच त्रास, असे व्हायोला म्हणाली. तिसऱ्यांदा विचारल्यावर, आता एवढं म्हणतेस तर अर्धा कप, असे म्हणून तिने दारातच बूट काढले, कारण त्या गावात बूट घालून कोणी कोणाच्या घरात पाऊल टाकत नाही. आणि मोज्यांवर चालत ती बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात गेली.

खुर्चीवर बसेपर्यंत तिचे तळवे बधिर झाले होते.

तिने कोट काढला नाही. अर्धा कप म्हणून तीन कप कॉफी घेतली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली खाट पाहिली आणि न पाहिल्यासारखे केले. ओव्हनच्या बाजूला वाळत टाकलेले मोजे पाहिले. बोलली फक्त त्या नॉर्वेजियन माणसाविषयी. मग, बरं तर, म्हणून उठली आणि बूट घालून घरी गेली. आर्डिसला हायसे वाटले. हेडविगमध्ये कोणी काही विचारले नाही म्हणजे कोणाच्या काही लक्षात आले नाही, असे ती धरून चालली; साऱ्या आयुष्यात आपण स्वतः कितीदा पाहिले आणि विचारले नाही, हे तिला त्या क्षणी आठवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मोटर कायमची थांबली. लाटणे, हात, विनवणी, कशालाही तिने दाद दिली नाही. आर्डिसने नळ थेंब थेंब वाहते सोडले, म्हणजे पाणी गोठायचे नाही, आणि पिठाच्या पिशवीत हात घातला. दुपारी व्हायोला पुन्हा आली. हातात आर्डिसचीच आणखी एक ताटली, वर पुसणे झाकलेले. आर्डिसने पुसणे उचलले. खाली दिवा होता. व्हायोलाच्या घरचा, दर हिवाळ्यात तिच्या खिडकीत असणारा, यंदा ती गावात असल्यामुळे कपाटात पडून राहिलेला.

"हे काय, व्हायोला?"

"ताटली रिकामी कशी आणायची?"

"ताटलीवर मुरंबा आणतात. बिस्किटं आणतात."

"मुरंबा तुझ्याकडे दुकान काढण्याइतका आहे. दिवा एकही नाही."

देणाऱ्याने ताटलीवर ठेवून दिलेले परत करता येत नाही. ती रीत आर्डिसनेच कित्येकांना ऐकवली होती. ती काही बोलण्याच्या आत व्हायोलाने दिवा बैठकीच्या खोलीत नेला, रस्त्याकडच्या खिडकीत ठेवला आणि वायर भिंतीत खुपसली. दिवा तत्काळ तांबडा पेटला.

दोघी त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"बिघडलेला असेल," आर्डिस म्हणाली.

"माझा दिवा कधी खोटं बोलत नाही. तो काही नॉर्वेजियन नाही."

मग आर्डिस खुर्चीवर बसली आणि आठवडाभर गिळलेले सारे तिने सांगितले. मोटरचे सांगितले, बाराशेचे सांगितले, कार्लीनच्या अटीचे सांगितले. हे कळले तर ती मला चर्चच्या शेजारी नेऊन ठेवेल, म्हणाली.

"आणि इथे गोठून मेलीस," व्हायोला म्हणाली, "तर आम्ही तुला चर्चच्या दुसऱ्या शेजारी नेऊन ठेवू. तिथे जिगसॉ कोडीसुद्धा नसतात."

आर्डिसला हसू आले. हसता हसता डोळे पुसायची वेळ आली, आणि तोवर बाहेर अंधार पडला होता. अंधारात हालग्रेनच्या खिडकीतला तांबडा दिवा रस्त्याच्या टोकापर्यंत दिसत होता. ज्या गावाने वर्षानुवर्षे अशा दिव्यांची काळजी एका बाईवर सोपवली होती, त्या गावाला त्या बाईच्या खिडकीत तो दिसल्यावर काय करावे हे क्षणभर कळले नसावे. क्षणभरच. त्यानंतर वेंडेलचा फोन एका ठिकाणाहून नव्हे तर साऱ्या गल्लीतून वाजू लागला. जो तो आपला विजेचा हीटर काखेत घेऊन दारात आला. अर्थात प्रत्येकाने दुसऱ्या हातात आर्डिसची ताटलीही आणली होती, आणि एकही रिकामी नव्हती.

वेंडेल विजेरी घेऊन तळघरात उतरला, मागोमाग आर्डिस. भट्टीचा पत्रा उघडण्याआधी त्याचे लक्ष शेजारच्या फळीकडे गेले. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहत गेला.

"मिसेस हालग्रेन, इथे तर अख्खी भट्टी आहे. फक्त जोडायची राहिलीय."

तिने फळीकडे पाहिले. रोज पुसणारी माणसे जे पाहत नाहीत ते तिला दिसले. नवी भट्टी बसवली नाही म्हणून वाचवलेले पैसे त्या फळीवर तुकड्यातुकड्यांनी मांडलेले होते, आणि ती त्यांच्यावरची धूळ झटकत आली होती.

वेंडेलने पत्रा काढला. आत, ज्या कोठीत जाळ असतो आणि जिच्या बाहेरून घरातली हवा तापत वर जाते, त्या कोठीवर त्याने विजेरी धरली. मग आरसा आत घालून तिला दाखवले. केसाएवढी एक रेघ होती, खालून वर गेलेली. पंखा थांबे तेव्हा आतला जाळ आणखी काही वेळ धगधगत राही, तो म्हणाला. त्या धगीने कोठी तापून तापून तडकली. आता या भेगेतून जाळाचा वायू घरातल्या हवेत मिसळू शकतो. कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग ना वास. माणूस झोपेत असतो आणि झोपलेलाच राहतो. मग त्याने विचारले, की या वायूची सूचना देणारी घरातली घंटी कशी वाजली नाही. आर्डिसने खाली पाहिले. नोव्हेंबरात तिच्या राखणीतल्या एका बंद घराच्या घंटीत बॅटरी संपली होती, तेव्हा तिने स्वतःच्या घंटीतली काढून तिकडे घातली होती. आपली नंतर आणू, म्हणून.

त्या रिकाम्या घरात घंटी जागी होती आणि या भरल्या घरात मुकी. वेंडेलने हात पुढे करून गॅसची तोटी फिरवली.

"हे मी विचारत नाही, सांगतोय. ही भट्टी आता पेटणार नाही. कोठी बदलता येते, पण तिची किंमत नव्या भट्टीच्या जवळपास जाते, आणि सव्वीस वर्षांच्या लोखंडात नवी कोठी कोण घालतं?"

"म्हणजे तेव्हाच बाराशे दिले असते तर वाचली असती?"

"वाचलीही असती, वर्ष-दोन वर्षं. तेव्हा नवी घेतली असती तर प्रश्नच नव्हता. दोन्हींपैकी काहीही केलं असतं तरी चाललं असतं, मिसेस हालग्रेन. काहीच केलं नाही, ते तेवढं महाग पडलं."

ती रात्र तिने व्हायोलाच्या घरी काढायची ठरली. पण त्याआधी ती व्हायोलाच्या फोनपाशी बसली आणि मुलीला स्वतःच फोन लावला. कोणी सांगण्याआधी आपण सांगावे, एवढी बुद्धी त्या भेगेने तिला दिली होती. तिने काही गाळले नाही, लाटणेसुद्धा सांगितले. कार्लीन चिडेल, रडेल, सकाळीच गाडी घेऊन येईल, या तिन्हींची तिने तयारी ठेवली होती.

"आई," कार्लीन म्हणाली, "मागच्या वेळी तुझी भट्टी बंद होती तेव्हा तू मला रोज फोनवर हवामान सांगत होतीस. बाहेर किती थंडी आहे ते. घरात किती आहे ते कधी बोलली नाहीस. मी फ्लॅटचं म्हटलं ते भट्टीमुळे नाही गं."

आर्डिसने खिडकीतून पलीकडच्या आपल्या घराकडे पाहिले.

"गावातल्या सगळ्यांच्या किल्ल्या तुझ्याकडे आहेत. तुझी कोणाकडे आहे?"

शाळेत बटाटे टाकणाऱ्या मुलांकडे ती रोखून पाही तसे आता कोणीतरी फोनमधून तिच्याकडे पाहत होते, आणि ती तिच्याच पोटची मुलगी होती.

"याचं उत्तर मिळालं," कार्लीन म्हणाली, "की फ्लॅटचं नाव मी काढणार नाही. तोवर काढणार."

दुसऱ्याच दिवशी वेंडेलने आणि त्याच्या भावाने नवी भट्टी आणली. जुनी दोरांनी बांधून तळघराच्या पायऱ्यांवरून वर ओढून काढली, तेव्हा आर्डिस दारात उभी राहून पाहत होती. आर्विड असता तर त्याने टोपी काढली असती, तिला वाटले. आणि त्यानंतर लगेच, आर्विड असता तर त्याने ती दोन हिवाळ्यांपूर्वीच बदलली असती, हेही वाटले. तो वस्तूंवर प्रेम करी, पण त्यांच्या अधीन नसे. फळीवरचे सारे सुटे भागही तिने गाडीत टाकायला सांगितले. एक कांडी मात्र एप्रनच्या खिशात ठेवली. वेंडेलने ते पाहिले आणि, हेडविगचा असल्यामुळे, पाहिले नाही.

नवी भट्टी आवाज करत नव्हती. ती चालू आहे की बंद हे झरोक्यावर हात धरून पाहावे लागे. वेंडेलने सांगितले की कोठीची हमी वीस वर्षांची आहे.

"वीस?" आर्डिसने विचारले. "म्हणजे तोवर मला शहाण्णवाव्या वर्षापर्यंत जगावं लागणार. नाहीतर तक्रार करायला तुला फोन कोण करील?"

"तोवर मीही निवृत्त झालेला असेन, मिसेस हालग्रेन."

"अ‍ॅरिझोनाला जाऊ नकोस. तुम्ही ओस्टबी मूळचे नॉर्वेजियन; तिथे तुम्हा लोकांना पत्ते खेळायला बसू देत नाहीत."

घंटीत नवी बॅटरी पडली. खिडकीतला दिवा विझला. आर्डिसने तो काढून परत करावा की राहू द्यावा, याचा विचार केला, आणि या वेळी विचार करते म्हणणे म्हणजे नकार नव्हता. दिवा तिथेच राहिला.

संध्याकाळी फेरीवर निघण्यापूर्वी ती व्हायोलाच्या दारात गेली. हातात वेलदोड्याच्या वड्या घेऊन आलेली ती ताटली होती, घासून चकचकीत केलेली, वर पुसणे झाकलेले. व्हायोलाने आत बोलावले. आर्डिस दोनदा नको म्हणाली, तिसऱ्यांदा बूट काढून आत गेली. व्हायोलाच्या घराची जमीन गरम होती, आणि आता आपल्याही घराची तशी आहे हे आठवून तिला बरे वाटले. व्हायोलाने पुसणे उचलले. ताटलीवर पाव नव्हते. पितळेची एक किल्ली होती, जुन्या दोऱ्यात बांधलेली.

व्हायोला किल्लीकडे पाहत राहिली. अशा वेळी हेडविगमध्ये काय बोलतात हे कोणालाच ठाऊक नाही, कारण अशा वेळी तिथे कोणी बोलत नाही. तिने ती किल्ली उचलली, फ्रिजवरच्या बिस्किटांच्या डब्यात टाकली, झाकण लावले आणि कॉफी ओतली.

"पाव नाही आणलेस?"

"ओव्हन बंद आहे. घर गरम आहे."

व्हायोलाने कप पुढे सरकवला. मग विचारले, की आठवड्यातून एखादा दिवस ती भट्टी बंद ठेवता येणार नाही का.